हौशीरामभाऊंच्या पाच खोल्या

हौशीराम चोपडे कामशेत ते पवनानगर जीप चालवायचे. मी तेव्हा पवनानगरच्या शाळेत शिकवत होतो आणि रोज त्यांच्याच जीपने जायचो. पन्नाशी उलटली आणि त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले. चढाला क्लच दाबला की बोलता बोलता गप्प व्हायचे, दात आवळायचे. शेवटी त्यांच्या बायकोनं, हिरावहिनींनी, निकाल लावला. "आता शीटा भरनं बास. जीप घरापुरती ठेवा. मागची जागा मोकळी पडलीया, तितं खोल्या बांधा आन् भाड्यानं द्या."

कामशेतजवळच्या कान्ह्यात त्यांच्या घरामागं अशा पाच खोल्या उभ्या राहिल्या. एका रांगेत, प्रत्येकीला मागं न्हाणीघर. स्टेशन जवळ, कंपन्यांच्या बस फाट्यावर थांबतात, त्यामुळं भाडेकरू शोधत फिरावं लागलं नाही. सुरुवातीला सगळ्यांना मिळून एकच वीजमीटर होता. कुणाचा फ्रिज, कुणाची इस्त्री यावरून बिल आलं की जुंपायची. भाऊंनी प्रत्येक खोलीला वेगळा मीटर घेतला आणि ती कटकट संपली. नळ गळतोय, पाईप तुंबलाय असा निरोप आला की भाऊ पाना घेऊन लगेच हजर. भाडेकरू खूश होते आणि सहसा खोली सोडत नव्हते.

एका गोष्टीला मात्र भाऊ काही केल्या तयार नव्हते. वडगावचे एक ओळखीचे वकील त्यांना सांगून दमले होते की भाडेकरार करा, आधारची प्रत घ्या, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या. भाऊंना ते जड जायचं. मला एकदा म्हणाले, "गुरुजी, मानूस बायकोला घिऊन, बोचकी घिऊन दारात हुबा ऱ्हातो. त्येला आदी कागुद दाव म्हनायचं? त्यो काय चोर हाय?" ते चेहरा बघायचे, गाव विचारायचे आणि किल्ली हातात द्यायचे.

तिसऱ्या खोलीत संदेश आणि सारिका आले ते असेच. हिंगोलीकडचं जोडपं, नुकतंच लग्न झालेलं. तो एका कंपनीत शिफ्टला जायचा. ती घरात मशीनवर ब्लाउज शिवायची. पहिल्या पावसाळ्यात सारिका रडकुंडीला आली. आमच्या मावळात पाऊस वरून कमी आणि बाजूनंच जास्त येतो. न्हाणीघराच्या भिंतीत हवेसाठी वर ठेवलेल्या जाळीतून पाण्याचा झोत आत यायचा आणि दोरीवरचे कपडे पुन्हा भिजायचे.

"काका, काहीतरी करा हो," ती म्हणाली.

भाऊंनी जानू गवंड्याला बोलावलं आणि ती जाळी विटांनी बुजवून वर गिलावा करून टाकला. ते पाहून बाकीच्या चौघांनीही मागणी केली. भाऊंनी त्यांच्याही जाळ्या बंद करून दिल्या.

थंडी पडली तसा संदेशनं गॅसचा गीझर आणला. बसवू का म्हणून भाऊंना विचारायलाही आला. भाऊ म्हणाले, "बसवा की. भिताडाला भोक पाडताना तेवढं सांबाळून." त्यांच्या मनात काळजी होती ती गिलाव्याची.

डिसेंबरातल्या एका सकाळी संदेश पहिल्या पाळीला गेला होता. हिरावहिनी मागच्या अंगणात धुणं वाळत घालत होत्या. तिसऱ्या खोलीच्या न्हाणीत पाणी पडत होतं. धुण्याची बादली रिकामी झाली तरी पाणी चालूच. मोरीच्या पाईपातून गरम पाणी गटारात जात होतं, त्याची वाफ दिसत होती.

"सारिका, नळ चालू ऱ्हायलाय का गं?"

उत्तर नाही. वहिनी पुढच्या दाराशी गेल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. आत जाऊन न्हाणीचं दार वाजवलं, हाका मारल्या. मग त्यांनी नवऱ्याच्या नावानं अशी काही हाक मारली की पलीकडच्या आळीतली माणसं बाहेर आली.

भाऊंनी खांदा लावला. प्लास्टिकचं दार वाकलं, कडीचे स्क्रू निघाले. आत धुक्यासारखी वाफ, आणि सारिका भिंतीला टेकून खाली पडलेली. वहिनींनी हाताला लागली ती चादर तिच्याभोवती गुंडाळली आणि दोघांनी तिला अंगणात उघड्यावर आणलं. भाऊंनी परत जाऊन गॅस बंद केला. सारिकाचा श्वास चालू होता, पण हाक मारली तर डोळे उघडत नव्हती. जीप बाहेरच होती. वहिनी तिचं डोकं मांडीवर घेऊन मागं बसल्या आणि भाऊंनी तळेगावच्या मोठ्या हॉस्पिटलापर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही.

डॉक्टरांनी तिला लगेच आत घेऊन ऑक्सिजन लावला. बाहेर काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "पेशंटचं पूर्ण नाव?"

"सारिका."

"आडनाव?"

भाऊंनी वहिनींकडं पाहिलं. वहिनींनी त्यांच्याकडं.

"वय? माहेरचं कुणी? नवऱ्याचा नंबर?"

नंबर तेवढा होता. भाऊंच्या फोनमध्ये तो 'तीन नंबर' या नावानं होता. लावला तर बंद. कंपनीत फोन गेटवर जमा करून घेतात हे त्यांना ठाऊक होतं, पण कुठली कंपनी? ते कधी विचारलंच नव्हतं. त्या मुलीनं काही बोल लावला नाही, रकाने रिकामे ठेवले. भाऊ नंतर मला म्हणाले, "वरीसभर पोरगी माज्या भितींत ऱ्हात व्हती, आन् मला तिचं आडनाव म्हाईत न्हाई. लय लाज वाटली."

वहिनींना तिथंच बसवून ते कान्हे फाट्यावर परत आले. चहाच्या टपरीवाल्याला संदेश कुठल्या बसमध्ये चढतो ते आठवलं, तेवढ्यावरून कंपनीचा पत्ता लागला. गेटवरचा रखवालदार म्हणाला, "आबा, आत तीन संदेश आहेत. कोणता?" भाऊंनी हात जोडले. "कान्ह्याला ऱ्हातो त्यो. त्येची बायको दवाखान्यात हाय." रखवालदार भला माणूस. त्यानं एकेका विभागात फोन लावले. बऱ्याच वेळानं संदेश अंगातला कंपनीचा कोट न काढताच धावत बाहेर आला.

दुपारपर्यंत सारिका शुद्धीवर आली. डोकं फुटतंय म्हणत होती, पण माणसं ओळखत होती. डॉक्टरांनी संदेशला समजावलं, की बंद जागेत गीझर पेटला की एक विषारी वायू साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणसाला कळायच्या आत शुद्ध जाते. "बाथरूमला खिडकी, जाळी काही नाही का?"

"नाही," संदेश म्हणाला.

भाऊ मागं उभे होते. गप्प राहिले असते तर कुणी काही विचारलं नसतं. ते म्हणाले, "व्हती. मी बुजवली."

संदेश वळून त्यांच्याकडं बघत म्हणाला, "पण काका, आम्हीच सांगितलं होतं तुम्हाला."

"तुमी पाऊस येतो म्हनला व्हता. भित माजी हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी जानू गवंडी छिन्नी-हातोडा घेऊन आला. तो भाऊंना बाजूला घेऊन म्हणाला, "गीझर त्यांचा, तुमी कशाला सगळं अंगावर घेताय? गीझर बंद म्हनून सांगा, झालं." भाऊंनी ऐकलं नाही. पाचही न्हाण्यांच्या बुजवलेल्या जाळ्या फोडल्या, तिथं तिरक्या काचपट्ट्या बसवल्या. त्यांतून पाऊस अडतो आणि हवा खेळते. ज्यांच्याकडं गीझर होते, त्यांचे ते बाहेरच्या भिंतीला छोट्या छज्ज्याखाली गेले. चौथ्या खोलीतल्या कुटुंबाला अंघोळीला गारठा लागू लागला. कुरकुर करून ते खोली सोडून गेले. खोली बरेच दिवस रिकामी होती, पण भाऊंनी काचपट्ट्या काही काढल्या नाहीत.

मग ते स्वतःहून वकिलांकडं गेले. भाडेकरार झाले, पोलिसांकडं माहिती गेली. प्रत्येकाकडून पूर्ण नाव, कंपनीचं नाव आणि घरच्या माणसाचा फोन घेतला. पाचव्या खोलीतला जुना भाडेकरू दुखावला. "भाऊ, एवढ्या वर्षांनी आमच्यावर संशय?" भाऊ त्याच्या ओट्यावर बसले आणि त्याला हॉस्पिटलातल्या काउंटरची गोष्ट सांगितली. "उद्या तुला कायबी झालं तर म्या कुनाला हाक मारू, ते सांग." त्यानं आत जाऊन आधार कार्ड आणलं.

सारिका मात्र न्हाणीत जायला धजेना. चुलीवर पाणी तापवून घ्यायची, दार अर्धवट उघडं ठेवायची आणि हिरावहिनींना बाहेर पाटावर बसवायची. वहिनी तिथं बसून भाजी निवडायच्या, आतबाहेर गप्पा चालायच्या. असं बरेच आठवडे चाललं. एके दिवशी वहिनी पाट घेऊन गेल्या तर दार लावलेलं होतं आणि आतून आवाज आला, "मावशी, आज नका बसू. मी हाय ठीक." घरी येऊन त्यांनी हे भाऊंना सांगितलं. भाऊ दुपारी कामशेतला जाऊन जिलेबी घेऊन आले.

संदेशला पुढं रांजणगावला बरी नोकरी लागली. त्यांनी खोली सोडली तेव्हा भाऊंनी किल्ली हातात घेतानाच अनामत रक्कम पूर्ण परत दिली. सारिका वहिनींच्या गळ्यात पडून रडली.

मी गेल्या वर्षी वराळ्यात एक लहानसा फ्लॅट घेतला, भाड्यानं द्यायचा म्हणून. भाऊंना बघायला नेलं. मी त्यांना हॉल, गॅलरी दाखवत होतो. ते सरळ बाथरूममध्ये गेले, हवा लागते का बघायला वरच्या झरोक्यापाशी हात धरून उभे राहिले आणि तिथूनच ओरडून विचारलं, "गुरुजी, ही जाळी कुनी बंद केली?"