शेंदूर लागलेलं पान

पुण्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत मी एक पुस्तक घरी आणलं. मुलांसाठी लिहिलेली थोरांची चरित्रं, प्रत्येकाला एक रंगीत चित्र. वाचनालयाचं पुस्तक गावी न्यायची परवानगी नव्हती. ग्रंथपालांनी ते माझ्या शब्दावर दिलं. "नेतोस तसं आण, नाहीतर पुन्हा मिळायचं नाही," एवढंच म्हणाले. आमच्या घरात शिरलेलं ते पहिलं पुस्तक.

पोशेऱ्याजवळच्या आमच्या पाड्यावर मी ओटीवर बसून पोरांना ते वाचून दाखवी. पुस्तकातली मराठी त्यांना अर्धीच कळे, म्हणून घरच्या बोलीत पुन्हा सांगे. पान मात्र कोणाला उलटू देत नसे. त्यांना घोड्यावरचा राजा आवडला.

"यो स्वारीवर जाताना आपल्या इथं शिरपामाळावर थांबलेला," वडील म्हणाले.

आत्या नागली पाखडत होती. तिने चित्र नीट पाहिलं. "जिता हाय का?"

"नाही. अडीचशे वर्षं होत आली."

"मग शेंदूर?"

"आत्या, हे पुस्तक आहे."

"मी काय आंधळी हाय?"

आमच्याकडे माणूस गेला की त्याचा वीर बसवतात. दगडावर किंवा लाकडावर कोरलेला घोडेस्वार, वर चंद्र-सूर्य. त्याला तेलात कालवलेला शेंदूर लावतात, कोरडा ठेवत नाहीत. हे मला माहीत होतं, पण तेव्हा सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाण्यावरून आलो तर पुस्तक उघडं होतं. घोडा कानापासून शेपटीपर्यंत शेंदरी झाला होता. पानावर तांदळाचे चार दाणे होते.

"आपल्या वाटेनं गेलेला माणूस," आत्या म्हणाली, "इतक्या वर्षांत कोणी बोटभर लावला नाही त्याला."

मी फडक्याने पुसलं. शेंदूर पसरला आणि तेल मागच्या चरित्रात उतरलं.

सुट्टी संपली. गाडी धरायला इगतपुरीपर्यंत चालताना मी कारणं जुळवत होतो. दिव्याचं तेल सांडलं. पोरांनी केलं. पण पुण्यात ग्रंथपालांनी पान नाकाशी नेलं आणि विचारलं, "शेंदूर?"

"हो. आत्याने लावला."

"का?"

मी अडखळत सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. माझ्या नावापुढे काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "पुढच्या सुट्टीत पुस्तक नाही."

म्हणून दिवाळीपर्यंत ते चरित्र मी वाचनालयात बसून वहीत उतरवलं. चित्र काढायला मला जमत नाही. पाड्यावर वही उघडली तेव्हा पोरांनी आधी घोडा शोधला. दोघं उठून गेली.

"त्याला कुठं ठेवला?" आत्याने विचारलं.

"कपाटात. काचेच्या."

"लावतो का कोणी?"

"नाही."

"मग तू लाव," ती म्हणाली आणि सुपाकडे वळली.

मी वहीचं पान उलटलं. उरलेल्या पोरांना वाचून दाखवू लागलो.