नाव घातलेली भांडी

"आहेराच्या भांड्यावर नाव देणाऱ्याचं असतं. मग भांडं कुणाचं?"

वेणूबाई मुतालिक यांनी हा प्रश्न मला हुबळीच्या कमरीपेठेतल्या त्यांच्या स्वयंपाकघरात, हातातली पळी माझ्यावर रोखून विचारला. मालकी, भेट, स्मृती असे काही भारदस्त शब्द मी जुळवून पाहिले. "इतकं शिकून एवढंच?" असे म्हणून त्या पुन्हा पातेल्याकडे वळल्या. त्या प्रश्नाने त्यांच्या घरात माजवलेला हलकल्लोळ समोरच्याच घरात राहत असल्याने मला साद्यंत पाहता आला.

वेणूबाई मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. यजमानांच्या मागे त्या एकट्याच राहत. झोपायची खोली माडीवर, स्वयंपाकघर खाली, आणि खालीच, जिना आणि स्वयंपाकघर यांच्या मध्ये, एक खोली, जिच्यात माणूस आडवा होऊन शिरे आणि तसाच बाहेर येई. लग्न, गृहप्रवेश, मुलाची मुंज, स्वतःची निवृत्ती अशा प्रत्येक प्रसंगी आलेल्या पराती, घागरी, कळश्या आणि झाकणाचे डबे तिथे छतापर्यंत रचलेले होते. रस्त्याने जड वाहन गेले की सगळी खोली बारीक आवाजात किणकिणे. वेणूबाई त्या आवाजाला "वर्ग भरला" असे म्हणत.

२०२२ च्या दिवाळीनंतर त्यांच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली. डॉक्टरांनी जिना वर्ज्य केला. मुलगा गुरुप्रसाद याने दोनच पर्याय ठेवले: मधली खोली रिकामी झाली तर तिथे खाट टाकू, नाहीतर आई कायमची गोकुळ रोडवर, त्याच्या फ्लॅटमध्ये. फ्लॅटला लिफ्ट होती, गरम पाणी होते, सूनबाई प्रेमळ होती. पण खिडकीतून शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसे आणि दिवसभरात कोणी "वेणूबाई, आहात का?" अशी हाक मारीत नसे. त्यांना कमरीपेठ सोडायची नव्हती. एक भांडे मोडीत घालायचीही त्यांची तयारी नव्हती.

गुरुप्रसाद गोकुळ रोडवरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. तिथला नियम सरळ आहे: मालावर ज्या पार्टीचे नाव, त्या पार्टीकडे माल परत. आई तपासण्यांसाठी धारवाडला गेली त्या दिवशी त्याने रजा घेतली, कारखान्याचा टेम्पो आणला आणि खोलीत पाऊल ठेवताच त्याला साक्षात्कार झाला. प्रत्येक भांड्यावर टिंबाटिंबांच्या अक्षरांत, कुठे मराठीत, कुठे कन्नडमध्ये, नाव आणि गाव घातलेले होते!

आता आमच्याकडे भांड्यावर नाव दोन कारणांनी घालतात. शेजारी गेलेले भांडे ओळखून परत यावे म्हणून मालकाचे. आणि आहेर कुणाचा हे पुढच्या पिढीलाही कळावे म्हणून देणाऱ्याचे. गुरुप्रसादला ही दुसरी रीत ठाऊक नव्हती असे नाही. पण रिकाम्या होत चाललेल्या खोलीचा आनंद इतका अनावर होता की त्याला पहिलीच तेवढी आठवली. उभ्या गावाने आपल्या आईकडे भांडी विसरावीत याचे त्याला किंचित नवल वाटले, इतकेच. संध्याकाळपर्यंत टेम्पो हुबळीभर फिरून कलघटगीलाही जाऊन आला. भांडी घासूनपुसून, लखलखीत आणि रिकामी, दारोदार पोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसने कलघटगीहून वेणूबाईंची नणंद शांताक्का उतरल्या. काखेत परात होती.

"वैनी, माझं काय चुकलं ते तोंडावर सांग. तुझ्या लग्नातला आहेर आज परत पाठवतेस?"

धारवाडला मुक्काम करून नुकत्याच परतलेल्या वेणूबाईंना काही उमगायच्या आत मागच्या गल्लीतले किराणा दुकानदार भीमसेनअण्णा घागर खांद्यावर घेऊन हजर झाले. "आणि वर रिकामी! अय्यो, वैरीसुद्धा मूठभर तांदूळ घालून पाठवतो हो!"

वेणूबाईंनी मधल्या खोलीत डोकावून पाहिले. खोली मोकळी होती, आणि मध्यभागी टाकलेल्या खाटेशेजारी उभा असलेला गुरुप्रसाद शाबासकीची वाट पाहत होता.

"आई, नावं त्यांचीच होती!"

"तुझ्या पाळण्यावरसुद्धा माझंच नाव होतं रे," शांताक्का कडाडल्या. "मग तुलाही टेम्पोत घालून कलघटगीला पोचवायचं होतंस!"

"त्याला नको, अक्का," भीमसेनअण्णा म्हणाले. "तोही रिकामाच येईल."

वेणूबाईंना हसू फुटले. त्या भिंतीला टेकल्या, मग पायरीवर बसल्या, मग पदराने डोळे पुसत हसत राहिल्या. तोवर दारात रांग लागली होती. आहेर परत येणे म्हणजे संबंध तुटणे. ते सांधण्यासाठी प्रत्येकाने परत आलेले भांडे तर आणलेच होते, शिवाय त्याहून मोठे नवे भांडेही, रातोरात नाव घालून. दुपारपर्यंत खोली छताला भिडली, पडवी भरली, खाट अंगणात गेली आणि तिच्यावर तीन पाहुण्या आणि एक बंब विराजमान झाला. कोणी रुसलेले, कोणी समजूत घालणारे, आणि सगळे एकाच वेळी दोन भाषांत बोलणारे.

"ठरलं!" गुरुप्रसाद ओरडला. "सोमवारी ऑपरेशन. दवाखान्यातून थेट फ्लॅटवर. इथं खाट ठेवायला जागा नाही, आणि असती तरी तुला जेवायला कोण आणून देणार होतं?"

शांताक्कांनी खाटेकडे पाहिले, मग वहिनीच्या गुडघ्याकडे. "म्हणून होय हे सगळं?" त्या हळूच म्हणाल्या.

वेणूबाई उठल्या आणि लंगडत स्वयंपाकघरात गेल्या. घरात होते नव्हते ते गहू, गूळ आणि सुके खोबरे बाहेर निघाले; कमी पडले ते भीमसेनअण्णांच्या दुकानातून आले. सर्वांत मोठ्या पातेल्यात हुग्गी, म्हणजे कांडलेल्या गव्हाची खीर, रटरटू लागली. पळी माझ्यावर रोखली गेली ती याच वेळी. पातेले एकदा ढवळून त्या दुकानदाराकडे वळल्या.

"अण्णा, भांडं रिकामं दिलं तर ते परत केलं. बरोबर?"

"बरोबर."

"आणि भरून दिलं तर?"

"तर उसनं गेलं. सावकाश यायचं."

"येताना?"

"येताना भरूनच यायचं. रिकामं कोण आणतो?"

"मग उचला!" वेणूबाई म्हणाल्या. "एकेक जण एकेक दिवशी परत आणा. दवाखान्यातून मी घरी आले की सुरू. मला पथ्य काही नाही, फक्त गुडघा वाकत नाही."

रोज एकेका घरून जेवण येणार हे आधी शांताक्कांच्या लक्षात आले, आणि त्या अशा हसल्या की बंब खाटेवरून गडगडत खाली आला. पळ्या चालू लागल्या. घागरीत हुग्गी, परातीत हुग्गी, निवृत्तीच्या डब्यात हुग्गी. टेम्पो पुन्हा आला, आणि या वेळी गुरुप्रसादला प्रत्येक दारात आत बोलावून बसवले गेले. मावळतीला खाट मधल्या खोलीत गेली. भिंती बऱ्याच वर्षांनी दिसत होत्या. त्यांचा रंग पोपटी आहे हे वेणूबाईही विसरल्या होत्या.

शस्त्रक्रियेनंतर रोज एक भांडे येई: कधी सार-भात, कधी भाकरी आणि वांग्याची भाजी. दुसऱ्या दिवशी तेच भांडे काही ना काही घेऊन पुढच्या घरी जाई. कमरीपेठेतल्या आहेराला त्यानंतर बसायला उसंत मिळाली नाही.

"स्टोअरचा हिशेब कधी जुळणार, आई?" गुरुप्रसादने एकदा विचारले.

"माल फिरतीवर आहे म्हणून लिही," त्या म्हणाल्या.

२०२५ च्या फेब्रुवारीत वेणूबाईंच्या डाव्या गुडघ्याचीही शस्त्रक्रिया झाली. दवाखान्यातून त्या कमरीपेठेतल्या घरीच परतल्या.