डाव्या हाताचा घास

आमच्या बाईंचे दोन्ही हात नेहमी पाठीमागे धरलेले. परभणीच्या दवाखान्यात मी नर्स होते, मोठा दुष्काळ नुकता सरला होता. रुग्ण सदऱ्याच्या बटणाशी झगडत असायचा, घरचे मदतीला धावायचे आणि बाई म्हणायच्या, "असू द्या, त्यांना करू द्या." हात मागे का, विचारलं तर म्हणाल्या, "पुढे असले की मदत करतात मेले."

त्यांचं काम लोकांना कळायचंच नाही. लकवा झालेल्यांना, हात मोडलेल्यांना त्या तांब्या उचलायला, धोतर नेसायला, वेणी घालायला पुन्हा शिकवायच्या. "सुई न्हाई, गोळी न्हाई, नुसतं बटन लाव म्हनती. ही कसली डाक्टरीन?" असं लोक बोलायचे. बाई हसून पुढचं बटण दाखवायच्या.

ताडकळसचे एक मामा लकव्यानं आले. उजवा हात गेला तो गेलाच. डावा ठणठणीत, पण मामा त्यानं जेवेनात. "डाव्या हातानं अन्नाला शिवू? त्यापरीस उपाशी बरा." मग मामी, म्हणजे त्यांची बायको, भरवायच्या आणि नंतर स्वतः गार भाकरी खायच्या. गावाकडं पेरणी खोळंबलेली. पण यांना असं सोडून मामी जाणार कशा?

बाईंनी वाद घातला नाही. दुपारी स्टूल ओढून, ताट सरकू नये म्हणून खाली ओला फडका घालून, मामांसमोर डाव्या हातानं जेवू लागल्या. स्वतः उजव्या हाताच्या, त्यामुळे निम्मं वरण साडीवर.

"बाई, तुमालाबी जमंना की," मामा एकदा म्हणाले.

"नाही ना. चला, दोघं शिकू."

मामांनी तोंड फिरवलं. मला तर संताप यायचा. या हट्टी म्हाताऱ्यापायी बाई रोज साडी खराब करून घेत होत्या.

मग बाईंची बदली झाली. जाताना तो फडका तेवढा मामांच्या कॉटवर ठेवून गेल्या.

दुसऱ्या दुपारी मामी घास मोडू लागल्या. मामा रिकाम्या स्टुलाकडं बघत होते. "थांब," म्हणाले. फडका ओला करून ताटाखाली घालायला लावला आणि डाव्या हातानं भाकरीशी झगडू लागले. भाकरी काही मोडेना. मामी न राहवून पुढं झाल्या, तशी मीच म्हणाले, "असू द्या, त्यांना करू द्या."

अखेर तुकडा मोडला. घास वर आला, तो मामींच्या तोंडापुढं.

"आदी तू. लय दिस गार खायलीस."

हे बघायला बाई हव्या होत्या, ही हळहळ माझ्या मनातून अजून जात नाही. मामींनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले आणि तोंड उघडलं.