आठाचा हातचा

मिस्त्रीआजोबांनी चाळीस वर्षं दारं-खिडक्या केल्या, पण त्यांचं एकही दार कधी कुरकुरलं नाही. कुरकुरायचं ते गिऱ्हाईक. पुढे गुडघे गेले, पटाशी-करवत माळ्यावर गेली, आणि आजोबांनी सहावीतल्या नातीचं गणित आपणहून अंगावर घेतलं.

"दशांश होय? अगं, इंचाच्या तुकड्यांवरच तर जन्म गेला माझा!"

ते खरंच होतं. फक्त सुताराच्या पट्टीवर एका इंचाचे तुकडे आठ, आणि त्यातल्या एकाला म्हणायचं सूत. साडेतीन इंच म्हणजे तीन इंच चार सूत. आजोबा फळीवर पेन्सिलीने ३.४ लिहायचे आणि फळी चौकटीत बरोब्बर बसायची. मग तेच वहीत का बसू नये?

"पुस्तकात साडेतीनला ३.५ म्हणतात, आजोबा," नातीने एकदा शंका काढली.

"पुस्तकवाल्यांनी कधी करवत धरलीय का?" आजोबांनी शंका तिथल्या तिथे छाटून टाकली.

चाचणीत पोरीला वीसपैकी दोन मिळाले. सूनबाई पेपर घेऊन स्वयंपाकघरातून आल्या.

"३.७ आणि ०.१ मिळून चार? कुठल्या जगात? बाईंनी खाली विचारलंय, घरी कोण शिकवतं?"

आजोबा समोरच बसले होते. बोलायला तोंड होतं, पण त्यात चहा होता.

"कोणी नाही. माझं मीच करते," नात म्हणाली. आजोबांकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

"मग महिनाभर खेळणं बंद!"

"बरं."

आजोबा चहा फुंकत राहिले. तो केव्हाच गार झाला होता.

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या दारात उभं राहून त्यांनी एका दमात सांगून टाकलं, "बाई, ती उत्तरं माझी. पोरगी माझ्यासाठी खोटं बोलली आणि मी मुकाट ऐकून घेतलं. आठाला हातचा मीच शिकवला तिला."

बाई समजूतदार होत्या. त्यांनी फळ्यावर २.७ + ०.५ लिहिलं आणि खडू पुढे केला. "घ्या, तुमच्या हातूनच बरोबर होऊ द्या."

सात आणि पाच बारा. हाताला चाळीस वर्षांची सवय; त्याने डोक्याला न विचारताच आठ वजा केले आणि लिहिलं ३.४.

अख्खा वर्ग खिदळला. नात तेवढी हसली नाही. ती उठून आली, तळव्याने चार पुसला, फळ्याखालचा दुसरा खडू घेऊन तिथे दोन लिहिला.

"दहा झाले की एक, आजोबा. आठ झाले की नाही." लहान मुलाला सांगावं तसं तिने सांगितलं. मग आणखी हळू म्हणाली, "काल बोलायचं होतंत."

आजोबांनी मान हलवली. खडू बाईंना परत द्यायचा असतो, हेही त्यांना सुचेना.