कर्जत-खालापूरच्या बाजारात आम्ही तिघं

असले किस्से कुणी जमवायला जात नाही. जुन्या गावात जाऊन बाजार बघायचा, भजी खायची, परत यायचं. घरी पोचल्यावर काहीतरी आठवतं आणि मग घाम फुटतो! सत्तरच्या दशकात आम्ही तिघं सुटीला असे कर्जत-खालापूरकडे हिंडायचो. मी, चित्रं काढणारा माझा मित्र सबनीस आणि त्याची थोरली बहीण कुमुदताई. ताई शाळेत इतिहास शिकवायची, त्यामुळे दिसेल त्या माणसाला प्रश्न!

*

कर्जतच्या बाजारात मी चपला घेतल्या. पायात बरोब्बर बसल्या! निघताना चपलावाला म्हणाला, "ह्या घालून ठाकुरवाडीकडं जाऊ नका हां."

"का हो?"

"ज्यानं शिवायला टाकल्या, तो तिकडं ऱ्हायचा. न्यायला आलाच नाय."

"मग मला कशाला विकल्यात?"

"पाय तर तसाच दिसला!"

दिवसभर मी अनवाणी हिंडलो.

*

खालापूरला भर दुपारी सबनीस जुन्या बाजारपेठेचं चित्र काढत बसला होता. दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. सुकट विकणारा एक म्हातारा मागे उभा राहून बघत होता.

"झ्याक काढलंय. पर पायरीवरची बाई का नाय काढली?"

सबनीसने मान वर केली. पायरी रिकामी.

"कुठली बाई?"

म्हाताऱ्याने टोपली डोक्यावर घेतली. हलक्या आवाजात म्हणाला, "आता उठली. आवरा लवकर, हिकडंच येतेय!"

ते चित्र अजून अर्धंच आहे.

*

तिथल्याच आठवडे बाजारात एकदा ऐन गर्दीत सगळं गप्प झालं. तराजू थांबले. बायकांनी पोरं जवळ ओढली. कुठेतरी ट्रान्झिस्टर चालू होता, तोही कुणीतरी बंद केला. क्षणभरच. मग पुन्हा आरडाओरडा सुरू.

कुमुदताईने भाजीवालीला विचारलं, "काय झालं गं?"

"काय नाय. गेला त्यो."

"कोण?"

"वांगी घेतेस का गं, वांगी? ताजी हायेत!"

*

एकदा परतताना मोहोपाड्याच्या टेंपोत जागा मिळाली. उघड्या माळावर ड्रायव्हर सारखा हॉर्न देत होता.

"अहो, इथे आहे कोण?"

"वस्ती हाय ना."

"एक घर दिसत नाही!"

"आता कसं दिसंल? उजेड हाय!"

*

कुमुदताईचे यजमान लग्नानंतर लवकरच गेले. तेव्हापासून तिने केसांत फूल माळलं नव्हतं. एकदा खालापूरच्या बाजारातून आम्ही एस.टी.कडे निघालो होतो, तेवढ्यात एका फुलवालीने हाक मारली.

"ओ चष्म्याच्या बाई! तुमची वेणी ऱ्हायली!"

"माझी नाही हो."

"तुमचीच. तुमच्या मालकांनी बाजूला ठेवायला लावली. म्हनले, चष्म्याची बाय यील, नको म्हनंल, तरी दे."

पानात अबोलीची वेणी होती. सबनीस भडकला, "अहो, काय बोलताय तुम्ही!"

ताईने त्याला हातानेच थांबवलं. "कुठे गेले ते?"

"येतोच म्हनले. हितंच थांबाय सांगितलंय."

ताई तिथेच एका पोत्यावर बसली. आम्ही दोघं बाजूला उभे राहिलो. एस.टी. आली, गेली. बाजार उठला. फुलवालीही टोपली आवरून निघून गेली.

शेवटी ताई उठली. वेणी केसांत माळली, पदर सारखा केला.

"चला," ती म्हणाली, "उशीर करायची सवयच आहे त्यांना."