जागेवरची सायकल

डाव्या मनगटावर उजव्या हाताची दोन बोटं, डोळे भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर, आणि समोर कोणी बोलत असेल तर त्याच्याकडे न बघता म्हटलेलं, "थांब, मोजतोय." शेजारच्या क्वार्टरमधले काका आठवले की आधी मला हे दिसतं. पंधरा सेकंद मोजायचं, चारने गुणायचं, आकडा वहीत लिहायचा. मग मान वर करून, "हां, बोल आता."

तुमच्याही आळीत असा एखादा असेल, तब्येतीची वही ठेवणारा. आपण हसतो त्याला. मीही हसायचो. त्या वहीत माझ्यामुळे काय लिहिलं जाणार आहे हे कळेपर्यंत हसलो.

काका चिंचवडच्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला होते. तयार झालेला प्रत्येक भाग त्यांच्या टेबलावरून जायचा. हातात दोन टोकांचं पोलादी गेज. एक टोक भोकात गेलं पाहिजे, ते 'गो'. दुसरं जाता कामा नये, ते 'नो-गो'. दुसरंही गेलं तर भागावर लाल रंगाचा फराटा आणि भाग भंगारात. माझे वडील त्याच कंपनीत फोर्ज शॉपला, तापल्या लोखंडाच्या भट्टीपाशी घाम गाळायचे. ते सांगायचे की काकांनी एकदा फराटा मारला की मॅनेजर आला तरी पुसला जात नसे. घरीही तेच. भाजीत मीठ जास्त, नो-गो. थोरल्या मुलीला सांगून आलेलं स्थळ, नो-गो.

त्या माणसाला टेबलावरच छातीत कळ आली. माल वाहायच्या ट्रॉलीवर घालून त्यांना दवाखान्यात नेलं. ती ट्रॉली माझ्या वडिलांनी ढकलली.

दीड महिन्यानं ते घरी आले, आणि त्या दोन खोल्यांतली हालचालच बंद झाली. शिट्टीनं दचकतात म्हणून काकू कुकर शिट्टीच्या आधी उतरवायच्या. वरण रोज कच्चं. तिन्ही मुली पाठांतर मनातल्या मनात करायच्या. काका संडासाला आतून कडी लावत नसत; काकू बाहेर पाठ करून उभ्या राहायच्या. पगार अर्धा आला होता, पण त्याचं कोणी बोलत नव्हतं. बोलणं होतं ते पायऱ्यांचं.

कंपनीच्या डॉक्टरांनी तीन महिन्यांची मुदत दिली होती. तीन महिन्यांनी डिस्पेन्सरीत दोन लाकडी पायऱ्यांवर चढ-उतार करायची, लगेच नाडी आणि कार्डिओग्राम. निभावलं तर बसून करायचं काम देणार. नाही निभावलं तर 'मेडिकली अनफिट', म्हणजे नोकरी संपली, आणि नोकरी संपली की क्वार्टर सोडायचं. गावाकडे भावकीनं त्यांच्या वाट्याच्या खोलीत केव्हाच कडबा भरला होता. जाणार कुठे?

डॉक्टर म्हणाले होते, रोज चाला, हळूहळू वाढवा. काका एकदाच चालायला गेले. खिशात चिठ्ठी: नाव, कंपनीतला तिकीट नंबर, क्वार्टर नंबर. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत पोचले आणि भिंत धरून उभे राहिले. मी त्यांना हाताला धरून परत आणलं तेव्हा हात बर्फासारखा होता.

"रस्त्यात पडलो ना," ते वाटेत म्हणाले, "तर लोक म्हणतील, प्यायलाय. कोणी हातसुद्धा लावणार नाही."

आमच्या भागात पगाराच्या दिवशी रस्त्यात पडलेल्यांना खरंच कोणी हात लावत नसे.

म्हणून त्यांनी ठरवलं की व्यायाम घरातच करायचा, आणि यंत्रावर करायचा. यंत्राला मोजता येतं. पुण्यात कॅम्पात परदेशी व्यायामयंत्रं विकणारं एक दुकान आहे असं त्यांनी कुठून तरी ऐकलं होतं. पण माहितीपत्रकं इंग्रजीत. ते आमच्या दारात आले, कडीला धरून उभे राहिले आणि वडिलांना म्हणाले, "तुमचा ग्रॅज्युएट द्या एक दिवस."

इथे मला सरळ सांगितलं पाहिजे. मी तेव्हा नुकताच बी.ए. झालो होतो. आमच्या घराण्यात अंगठा सुटून सही आली ती वडिलांच्या पिढीत, आणि डिग्री माझ्याकडे. तिचा मला गर्व होता, आणि अजूनही आहे, तो मी लपवत नाही. पण त्या वयात मला असंही वाटायचं की डिग्री आहे म्हणजे विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर आपल्याकडे असलंच पाहिजे. अक्षरही माझं सुरेख होतं. ते दोन्ही एकत्र आलं.

रविवारी आम्ही कॅम्पात गेलो. काकांनी खिशात बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर घेतला होता. दुकानात तीन यंत्रं होती. एक वल्ह्यांचं: बसून दोन दांडे छातीकडे ओढायचे. दुसरं चालायचं: लाकडी रुळांवर रबरी पट्टा, त्यावर चालू लागलं की पट्टा पायाखालून मागे सरकतो. तिसरी जागेवरची सायकल. दुकानदारानं काकांना बसायला सांगितलं. काकांनी मला बसवलं आणि माझं मनगट धरलं.

वल्ह्यांवर मी दहा हिसके मारले. काकांनी मोजलं आणि मान हलवली. "छातीवर येतं. नो-गो." चालायच्या पट्ट्यावर मी जोरात निघालो, थांबायला गेलो तर पट्टा थांबेना, पाय मागे आणि मी पुढे, कठड्याला लोंबकळलो. दुकानदार हसला. काका हसले नाहीत. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, जणू लोंबकळले तेच.

सायकलवर मी पाच मिनिटं पाय मारले आणि थांबलो. पाय थांबले. चाक आपलं आपण थोडा वेळ फिरलं आणि तेही थांबलं. काका त्या चाकाकडे बघत राहिले.

"मला हेच पाहिजे. मी थांबलो की सोडणारं."

मग त्यांनी व्हर्निअर काढून पेडलचा दांडा तपासला, दुकानदाराला त्यातला ढिलेपणा दाखवला आणि त्याच्या तोंडावर त्याचं यंत्र नापास केलं. किंमत ऐकल्यानंतर त्यांनी ते नापास केलं, हेही खरं. माहितीपत्रक मात्र आम्ही मागून घेतलं.

सायकल शेवटी घरीच झाली. वडिलांनी भंगारवाल्याकडून एक जुनी सायकल आणली, पुढचं चाक काढलं, ओळखीच्या वेल्डरकडून लोखंडी घोडा करून मागचं चाक अधांतरी उचललं. रिमवर चामड्याचा पट्टा, त्याला एक स्क्रू. स्क्रू आवळला की पाय जड. हे सगळं करताना वडिलांची टकळी चालूच. "आमी कंपनीत जायला सायकल मारायची, आन् तुमी कुटंच न जायला. बरं हाय. पंक्चर तरी व्हनार न्हाई." काका त्या दिवशी पहिल्यांदा हसले. मोजून, पण हसले.

सायकलचं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, इंग्रजीत: रोज वीस मिनिटं, नाडी एकशे दहाच्या वर जाऊ देऊ नये. ती चिठ्ठी आणि माहितीपत्रक घेऊन मी एका मोठ्या ड्रॉइंग पेपरवर मराठी तक्ता केला. रकाने आखले, शाईनं लिहिलं. वेळ: वीस मिनिटं. नाडी: एकशे दहा. रकान्यात नीट मावावं म्हणून एवढंच. मला तो तक्ता फार देखणा वाटला. काकांनी तो सायकलसमोर भिंतीवर चिकटवला. तीन महिन्यांतले पाच आठवडे उरले होते.

रोज संध्याकाळी त्यांच्या भिंतीतून खर्र खर्र आवाज यायचा. आमची आई भाकरी थापता थापता तो ऐकायची. आवाज मध्येच थांबला की तिचा हात परातीतच राहायचा, आणि पुन्हा सुरू झाला की भाकरी तव्यावर जायची. पलीकडे काकू काय करत असतील याचा आम्ही विचार करत नसू. क्वार्टरांची सगळी लाइनच त्या चाकावर जगत होती. हळूहळू काकांच्या चेहऱ्यावर रंग आला. कुकरची एक शिट्टी होऊ लागली. संडासाला कडीही लागली.

परीक्षा शुक्रवारी होती. त्याच्या आधीचा रविवार, सकाळची वेळ. मी दाढी करत होतो. खर्र खर्र चालू होतं. दाढी झाली, अंघोळ झाली, तरी चालू. आईनं वडिलांकडे पाहिलं. वडील म्हणाले, "लई झालं रं आज." आणि आवाज थांबला.

काकूंनी हाक मारली नाही. त्यांनी भिंतीवर थाप मारली.

आम्ही धावलो. काका सायकलवरच होते, कपाळ हँडलवर टेकलेलं, बनियन पिळून काढावा असा. ओठ पांढरे. रिमवरचा पट्टा स्क्रूनं इतका आवळला होता की चामड्याचा जळका वास येत होता. दोन बोटं मनगटावर होती, वही हँडलला अडकवलेली. त्यांनी मान न उचलता मला सांगितलं, "एकशे चार. सहा कमी पडतात रे. आठवडा झाला, कितीही मारली तरी पुरे एकशे दहा येत नाहीत."

तेव्हा मला कळलं. हृदय सुधारत होतं म्हणून नाडी चढायला वेळ लागत होता, आणि ती चढावी म्हणून हा माणूस रोज स्क्रू आणखी एक आटा आवळत होता. ज्या आकड्याच्या आत राहायचं तो आकडा गाठायला निघाला होता.

"काका," मी म्हटलं, "एकशे दहा गाठायचे नव्हते. त्याच्या वर जायचं नव्हतं. कमी आहे ते चांगलं आहे."

त्यांनी डोकं वर केलं. माझ्याकडे नाही, तक्त्याकडे पाहिलं.

"मग तसं लिहिलं का नाहीस? कंपनीच्या ड्रॉइंगवर नुसता आकडा असला म्हणजे साइज तीच. कमी आली तरी रिजेक्ट." मग दम घेऊन, "चोवीस वर्षं मी तसंच वाचतोय."

वडिलांनी त्यांना उचलून खाटेवर ठेवलं. काकू पंख्यानं वारा घालत होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या.

मी डॉक्टरांच्या बंगल्यावर गेलो आणि सगळं सांगितलं. माझं लिहिणं, माझा रकाना. डॉक्टर येऊन तपासून गेले. छाती ऐकली, पुन्हा ऐकली. आता काही सांगता येत नाही, म्हणाले. चार दिवस पडून राहू दे, शुक्रवारी पायऱ्याच काय ते सांगतील. जाताना मला बाजूला घेऊन ते हळूच म्हणाले की पुन्हा असं काही लिहाल तेव्हा अर्धं लिहू नका.

ते चार दिवस भिंतीतून काहीच आवाज आला नाही. आई भाकऱ्या करपवायची. मला जेवण जात नसे. त्या पाच माणसांची गाठोडी रस्त्यावर ठेवलेली मला दिवसाढवळ्या दिसायची, आणि सगळ्यात वर माझा तक्ता गुंडाळलेला. एकदा मी धीर करून त्यांच्याकडे गेलो. तक्त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल फराटा होता. काका खाटेवरून म्हणाले, "नवा कर. या वेळी सगळं लिही. दोन ओळी झाल्या तरी चालतील." मी तिथेच बसून केला. अक्षर वाईट आलं. त्यांनी तो शब्द न् शब्द वाचला आणि म्हणाले, "गो."

शुक्रवारी डिस्पेन्सरीच्या बाकावर काकू, मी आणि वडील. दार लोटलेलं. आतून लाकडावर पावलं वाजायला लागली. वर दोन, खाली दोन. काकूंनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. मी मोजायला लागलो आणि वीसच्या पुढे मोजायची हिंमत होईना. मध्येच पावलं थांबली. वडील उठून उभे राहिले. आत डॉक्टर काहीतरी म्हणाले, आणि मग खूप वेळ काहीच नाही.

दार उघडलं. काका बाहेर आले, शर्टाची बटणं लावत. हातातला कागद त्यांनी काकूंना दिला नाही, मला दिला.

"वाच. एक शब्द गाळू नको."

मी आधी इंग्रजीत वाचलं, मग मराठीत. बसून करायच्या हलक्या कामास योग्य. वजन उचलू नये. दर सहा महिन्यांनी तपासणी. सहीखालचं 'वैद्यकीय अधिकारी'सुद्धा वाचलं. काकूंनी तेव्हा कुठे माझ्याकडे पाहिलं.

नंतर मी पुष्कळ लिहिलं. अर्ज, कामगारांच्या तक्रारी, युनियनची पत्रकं. मसुदा झाला की काकांकडे न्यायचो. ते मनगटावर बोटं ठेवून वाचायचे आणि नेमकं विचारायचे, "इथे आकडा दिलास, पण वर की खाली ते कुठे आहे?"

भीती त्यांची गेली नाही, माझीही नाही. संध्याकाळी आवाज वेळेवर थांबला नाही तर मी हातातलं टाकून भिंतीपाशी जायचो. थांबला की मग ते चाक आपलं आपण फिरत राहिल्याची बारीक सरसर ऐकू यायची. ती ऐकून मी परत यायचो.

आता त्या क्वार्टरमध्ये दुसरं कुटुंब आहे. सायकलच्या घोड्याच्या चार पायांच्या खुणा फरशीवर राहिल्यात. नव्या बाईंनी त्यावर पाण्याचं पिंप ठेवलंय. काका आणि काकू थोरल्या मुलीजवळ खोली घेऊन राहतात, आणि त्यांच्याकडून कोणी आलं की निरोप ऐकायच्या आधी मी त्याचा चेहरा बघतो.

पायऱ्यांनंतर काकांनी इन्स्पेक्शनच्या टेबलावर सात वर्षं नोकरी केली, ती पुरी केली, आणि क्वार्टरची किल्ली स्वतः चालत जाऊन कंपनीत दिली.