मल्लय्याकाकांनी मनगटाला बांधलेला पट्टा

सहा दिवस मी माझ्याच कुत्रीला शॉक देत होते.

ते ज्यांनी थांबवलं, ते मल्लय्याकाका आज पहाटे गेले.

काका म्हणजे आमचे शेजारी. त्यांच्या यंत्रमागाची शेड आणि माझी खोली, मध्ये एकच भिंत. चाळीस वर्षं मागाच्या खडखडाटात काढलेली, कान पार गेलेले. बोलायचे ओरडून, आणि शेडमध्ये सगळं काम हाताच्या खुणांवर.

मी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंग सुपरवायझर. सकाळी आठला बाहेर, संध्याकाळी सहाला घरी. दिवसभर चिंगी अंगणात एकटी, आणि गल्लीतून नुसती सायकल गेली तरी हिचं भुंकणं सुरू.

वर राहणारे घरमालक अण्णा एका शनिवारी संध्याकाळी जिन्यावरूनच बोलले,
"मॅडम, आठ दिवस देतो. कुत्रं गप्प करा, न्हायतर मीच मंद्रूपच्या शेतात नेऊन सोडतो."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर खोली सोडा."

संताप लई झाला. पण खरं सांगू? भीती जास्त वाटली. आई गेल्यापासून घरात माझं म्हणावं असं चिंगीच होती.

ऑनलाइन पट्टा मागवला. आवाज झाला की गळ्याला झटका देणारा. 'एकदम सेफ' असं लिहिलेलं. सकाळी जाताना बांधायचा, संध्याकाळी आल्यावर काढायचा.

चिंगी गप्प झाली की!
मी खूश. पेढे वाटायचेच बाकी होते.

चौथ्या दिवशी तिने खाणं सोडलं. पाचव्या दिवशी पट्टा बघूनच कॉटखाली घुसली आणि तिथेच मुतली.

मला वाटलं, नाटकं करतेय. ओढून बाहेर काढलं आणि बांधला.
हे लिहिताना लाज वाटतेय. पण लिहिते.

सहाव्या दिवशी शनिवार, हाफ डे. गेट उघडते तर काका माझ्या अंगणात. चिंगी त्यांच्या पायाशी चिकटलेली. तिचा पट्टा काकांच्या मनगटाला.

"ए अम्मा! काय बांधलीस गं हिच्या गळ्याला?"

मी पण सुरू. "तुम्हाला काय त्रास आहे, काका? तुम्हाला तर ऐकूही येत नाही!"

तोंडातून गेलं ते गेलं. त्यांना ओठ बघून सगळं कळायचं.

"ऐकू येत न्हाय, म्हणून हात लावून बघतो मी. आज गळ्याला हात लावला. गळा गप्प. तरी झटक्यानं उडायली ही."

शेडच्या दारात त्यांचा थोरला मुलगा उभा होता. काकांनी त्याला तळवा उभा करून दाखवला. मागवाल्यांच्या खुणेत 'बंद कर'.
माग थांबला. पट्ट्यावर लुकलुकणारा लाल दिवाही विझला.

मग बोट हवेत गरगर फिरवलं. 'चालू कर'.
खडखड सुरू. दिवा लागला. काकांचा हात थरकन उडाला.
परत दिवा. परत झटका. ते माझ्याकडे बघत राहिले.

"हे भुंकत न्हाय, अम्मा. माग भुंकायलाय, मार हे खायलंय."

"काढा काका, काढा तो!" मी रडतच त्यांच्या मनगटावरचा पट्टा सोडवला.

रोज दहा तास. सहा दिवस. आणि करणारी मी.

दुसऱ्या दिवशी चिंगी परत भुंकली आणि अण्णा खाली उतरले. काका आडवे उभे राहिले. "माझा माग तीस वर्सं खडखडतो हितं. मला कुटं सोडला तू मंद्रूपला?"

अण्णा वैतागले. पण पंधरा दिवस मिळाले.

आणि काकांनी काय करावं? आधी तिला भुंकायला शिकवलं! म्हटलं, म्हातारा सटकला.
बोट फिरवलं की भुंकायचं. तळवा दाखवला की गप्प. गप्प बसली की लगेच कडक भाकरीचा तुकडा. ओरडणं नाही, मारणं नाही. गेटच्या फटीला त्यांनी डाग पडलेली चादर बांधली, म्हणजे सायकली दिसायला नकोत. आणि दिवसभर तिला शेडच्या दाराशी घेऊन बसायचे, एकटं राहू द्यायचे नाहीत.

पंधराव्या दिवशी अण्णांनी मुद्दाम गेटवर काठी आपटली. धाडकन.
चिंगी उठली. पाठीवरचे केस ताठ.
काकांनी तळवा उभा केला.

ती थरथरत होती. पण बसली.

अण्णा काठी टेकत वर गेले.

याला दोन वर्षं झाली. अजूनही भुंकते अधूनमधून. कुत्रीच आहे ती.

आज गल्लीतले सगळे माग बंद होते. इतकी शांतता मी इथे कधी अनुभवली नव्हती.

काकांना अंगणात ठेवलं होतं. चिंगी जाऊन त्यांच्या हाताजवळ बसली. अर्धा तास नुसती त्या हाताकडे बघत. आवाज नाही, हालचाल नाही. खूण कधी येतेय, याची वाट बघत होती.

मला ते बघवेना.

काकांना उचललं तेव्हा मी तिच्यासमोर बोट हवेत फिरवलं.

चिंगी भुंकली. भुंकतच राहिली.

माणसं वळून वळून माझ्याकडे बघायला लागली. मी अण्णांकडे बघितलं.

"भुंकू दे की," अण्णा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

मी तळवा दाखवला नाही.

या आता काका. आमच्या दोघींचा शेवटचा नमस्कार.